लोहगडचा विंचूकांटा

पुण्याहून मुंबईस आगगाडीनें जाणाऱ्या माणसाच्या लेखीं मळवली हें फारसें महत्त्वाचें स्टेशन नव्हे. जलद गाड्या तेथें थांबण्याची तसदी घेत नाहींत. परंतु त्या सुमारास जो डाव्या हाताच्या खिडकीशीं बसला असेल त्यानें वर्तमानपत्र क्षणभर मिटून बाहेर पाहावें. प्रथम एक रुंद, सपाट माथ्याचा डोंगर दिसतो, तो विसापूर. त्याच्या पलीकडे, खिंडीनें त्यापासून तोडलेला, दुसरा डोंगर येतो, तो लोहगड. आणि हा दुसरा डोंगर जेथें संपावयास हवा तेथें संपत नाहीं. मुख्य माथ्याहून थोड्या खालच्या पातळीवर त्याची एक अरुंद सोंड निघते आणि दोन्ही अंगांनीं कडे तुटलेले, अशी ती वायव्येच्या दिशेनें लांबवर हवेंत शिरलेली दिसते. ह्या सोंडेला विंचूकांटा म्हणतात. नांव ठेवणाऱ्याची नजर मोठी अचूक होती. गडाच्या माथ्यावरून खालीं पाहिलें म्हणजे विंचवानें नांगी लांब पसरून ठेवावी तसाच तो आकार डोळ्यांत भरतो.

आज ह्या सोंडेवरून तुम्हांला चालवीत न्यावें असा माझा विचार आहे. चाल फार नाहीं. तिची लांबी १५०० मीटर आणि रुंदी ३० मीटरच्या सुमारास सांगतात. शहरांतला माणूस संध्याकाळीं हवा खाण्यास बाहेर पडला तर याहून थोडें अधिकच चालेल. लोहगडाचा माथासुद्धां समुद्रसपाटीपासून १०३३ मीटरच उंच आहे. त्यामुळें डोंगर चढण्यांत मुरलेल्या मंडळींपुढें ह्या गडाचें नांव काढलें कीं तीं किंचित् हंसतात, आणि ‘पायऱ्यांचा गड’ म्हणून त्याची बोळवण करतात. करोत बापडीं. माझें म्हणणें इतकेंच कीं, पुणें-मुंबईच्या टापूंत इतक्या थोड्या श्रमांत इतकें समजून देणारी दुसरी वाट मला ठाऊक नाहीं. ‘दाखविणारी’ न म्हणतां ‘समजून देणारी’ म्हटलें, तें हेतुतः. सुंदर देखावा सह्याद्रींत पावलोपावलीं आहे; पण त्या देखाव्याचा अर्थ एकाच जागीं उभें राहून लागावा, असें ठिकाण विरळा.

मोटार हल्लीं लोहगडवाडीपर्यंत जाते आणि बहुतेक लोक तसेच जातात. ज्यांचे पाय शाबूत आहेत त्यांनीं मात्र मळवलीस उतरावें, द्रुतगति मार्ग ओलांडून भाजें गांवांत यावें आणि तेथून चढावें. गांवाच्या डोक्यावर लेणीं आहेत. तीं बावीस असून त्यांतलीं जुनीं ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकांतलीं आहेत. तेथील चैत्यगृहाच्या कमानदार छताला मूळच्या लांकडी फासळ्या अजून आहेत. मावळांतला पाऊस ज्यानें पाहिला आहे त्याला दोन हजार वर्षें टिकलेल्या ह्या लांकडाचें नवल वाटल्यावांचून राहणार नाहीं. हीं लेणीं पाहून मनांत ठेवावीं; सोंडेवर गेल्यावर त्यांचें काम पडणार आहे.

पुढें गायमुख खिंड लागते. डावीकडे विसापूर, उजवीकडे लोहगड. आपण उजवीकडे वळतों. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा असे चार दरवाजे एकामागून एक येतात आणि त्यांना जोडणारी वाट सर्पासारखी वळणें घेत जाते. प्रत्येक वळणावर चढणारा माणूस वरच्या तटाच्या माऱ्यांत यावा अशी ही योजना आहे. हनुमान दरवाजा सर्वांत जुना. पुढच्या काळच्या बांधकामांत नाना फडणिसांचा हात मोठा. नानांचा ह्या गडावर फार जीव होता. त्यांचा खजिना येथें असे आणि सोळा कोनांचें मोठें टाकेंही त्यांच्याच वेळचें. १८०० सालीं नाना वारले, तेव्हां त्यांची पत्नी जिऊबाई हिला कांहीं काळ ह्याच गडाचा आसरा घ्यावा लागला. माथ्यावर दर्गा आहे, लक्ष्मीकोठी आहे, महादेवाचें देऊळ आहे. हें सारें पाहण्यासारखें खरें. पण आज आपल्याला पुढें जावयाचें आहे.

माथ्याच्या वायव्य टोकाशीं आलें कीं विंचूकांटा एकदम पायांखालीं दिसतो. त्याच्यावर उतरण्यास खडकांतून एक छोटासा उभा टप्पा आहे. कोरड्या दिवसांत मुलेंसुद्धां तो सहज उतरतात. पावसाळ्यांत मात्र दगडावर शेवाळ धरतें, आणि मग पोक्त माणसानेंही बसून, हात टेकून उतरण्यांत कमीपणा मानूं नये. टप्पा संपला कीं पुढें जवळजवळ सपाटी.

आणि येथें प्रथम भेटतो तो वारा. गडाच्या माथ्यावर तटाचा आणि झुडुपांचा आडोसा असतो. सोंडेवर कांहीं नाहीं. पश्चिमेकडून आलेला वारा कड्याला आपटतो, वर चढतो आणि डाव्या अंगानें तुमच्यावर येतो. पाऊस चालूं असतांना कड्यावरून खालीं पडणारें पाणी हा वारा उचलून परत वर फेंकतो, आणि भिजणाऱ्या माणसाला पाऊस वरून येतो कीं खालून, हें कळेनासें होतें. श्रावण-भाद्रपदांत येथें गवत असतें, तेरडा असतो, आणि थोड्या दिवसांनीं सोनकीनें सारा माथा पिवळा होतो. कड्याच्या पोटांतून पाकोळ्या सूं सूं करीत निघतात. घारीची पाठ वरून पाहण्याचा योगही येथेंच येतो. एरवीं आपण आयुष्यभर तिचें पोटच पाहत असतों.

ही सोंड झाली कशी, हें तिच्या कडेवरून खालीं पाहिलें म्हणजे कळतें. सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीं ह्या भागांत पृथ्वीच्या भेगांतून तप्त रस वर आला आणि थरावर थर असा पसरला. त्या थरांचा दगड म्हणजे आपला काळा कातळ. कांहीं थर कठीण, कांहीं ठिसूळ. पाण्यानें ठिसूळ थर आधीं खाल्ले, वरचा कठीण थर अधांतरीं राहिला, त्याचे उभे तुकडे निखळले, आणि कडा मागें सरला. डोंगराच्या एकाच बाजूनें असें झालें तर नुसता कडा होतो. दोन्ही बाजूंनीं झालें, आणि मधल्या भागाचा पुरा निकाल अजून लागला नाहीं, तर विंचूकांटा होतो. ज्या दगडावर आपण उभे आहोंत तो अशा चालूं खटल्यांतला आहे, एवढें ध्यानांत ठेवून कडेपासून चार हात दूर राहणें बरें.

चालतांना उजव्या हाताला इंद्रायणीचें खोरें. पावसाळ्याच्या शेवटीं भाताचीं खाचरें काचेच्या तुकड्यांसारखीं चमकतात. हा मुलूख तांदुळाचा. घरोघर पोंचलेली ‘इंद्रायणी’ ही जात ह्याच तालुक्यांत, वडगांवच्या भात संशोधन केंद्रांत तयार झाली. खोऱ्याच्या पलीकडच्या डोंगरांत कार्ल्याचीं लेणीं आणि एकवीरेचें देऊळ. अलीकडे भाज्याचीं लेणीं आपण पाहिलींच. आणखी पूर्वेला बेडशाचीं. एवढ्याशा प्रदेशांत तीन ठिकाणीं लेणीं कां कोरलीं असावींत, ह्या प्रश्नाचें उत्तर खालच्या खोऱ्यांत आडवें पसरलेलें आहे. सोपारा-कल्याणच्या बंदरांतून घाट चढून देशावर येणारा व्यापारी ह्याच खोऱ्यांतून जाई. त्याच्या दानावर लेणीं झालीं, आणि पावसाळ्यांत भिक्षूंना निवारा मिळाला. त्याच मार्गानें १८३० सालीं इंग्रजांनीं गाड्यांसाठीं घाटरस्ता खुला केला. १८६३ मध्यें बोरघाटांतून आगगाडी वर आली. तिचे बोगदे खोदतांना साथीनें आणि अपघातांनीं हजारों मजूर मेले. १८३० चा रस्ता असो, आगगाडीची वाट असो, कीं २००२ मध्यें पुरा झालेला द्रुतगति मार्ग असो, सोंडेवरून पाहिलें तर एकाच खोऱ्यांत शेजारीं शेजारीं पडलेल्या ह्या दोऱ्या दिसतात. डोंगरानें एकदां वाट दिली तेथूनच सर्वांनीं जावें लागलें.

टोंकाकडे तोंड केलें तर लोणावळ्याच्या पलीकडे जमीन एकाएकीं संपल्यासारखी वाटते. तो घाटमाथा. तेथून कोंकण खालीं आहे. हवा स्वच्छ असली तर राजमाचीचे बालेकिल्ले ओळखूं येतात. मोसमी ढग समुद्रावरून येतात, ह्या माथ्याशीं अडतात आणि तेथेंच रिते होतात. लोणावळ्यास वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस. तेथून साठ-पासष्ट किलोमीटरांवर असलेल्या पुण्यास सातशेच्या आसपास. शाळेच्या पुस्तकांत ह्यालाच पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणतात आणि मुलें तें पाठ करतात. आषाढांतल्या एखाद्या उघाडीच्या दिवशीं सोंडेवर उभें केलें तर पाठ करण्याची गरज राहणार नाहीं. समोर काळाकुट्ट, मागें ऊन.

घाटाच्या तोंडाशीं असलेला हा गड ज्याच्या हातांत, त्याची घाटावर नजर. म्हणून तो निजामशाहींत महत्त्वाचा होता, शिवाजी महाराजांना हवा होता, १६६५ च्या पुरंदरच्या तहांत मोगलांना द्यावा लागला तेव्हां सलला आणि १६७० मध्यें परत घेतला गेला. १७१३ सालीं कान्होजी आंग्र्यांनीं शाहू महाराजांचे पेशवे बहिरोपंत पिंगळे यांना पकडून येथेंच अटकेंत ठेविलें. तेव्हां बाळाजी विश्वनाथांना पेशवेपद देऊन धाडण्यांत आलें, आणि त्यांनीं लढाईऐवजीं बोलणीं करून आंग्र्यांना वळवून घेतलें. भट घराण्याच्या पेशवाईच्या उदयाशीं ह्या डोंगराचा असा संबंध आहे.

तिच्या अस्ताशींही आहे. पण तो समजण्यास टोंकाच्या बुरुजापर्यंत जाऊन मागें वळून पाहावें लागतें. वाटेंत खडकांत खोदलेलीं पाण्याचीं टाकीं दिसतात, कडेनें तटाचे अवशेष दिसतात. एवढ्या उभ्या कड्यावर पुन्हां भिंत कशाला, असें सहज मनांत येतें. परंतु डोंगराची सोंड ही गडाची दुबळी जागा असते. शत्रु एकदां सोंडेवर चढला कीं त्याला माथ्याकडे सरळ चाल मिळते. तोरण्याची झुंजार माची, राजगडची संजीवनी माची ह्या अशाच अरुंद सोंडा. बांधणाऱ्यांनीं त्या मुद्दाम तटांनीं वेढून टाकल्या. विंचूकांट्यावरही तीच काळजी घेतली आहे. विंचवाचा कांटा दुसऱ्यांसाठीं असतो. ह्या कांट्याला मात्र आपल्यांनाच राखावें लागे.

आतां मागें वळा. जवळ लोहगडाचा माथा आणि त्याच्या खांद्यावरून डोकावणारा विसापूर. नीट पाहिलें कीं ध्यानांत येतें, विसापूर अधिक उंच आहे. त्याची उंची १०८४ मीटर, म्हणजे लोहगडाहून सुमारें पन्नास मीटर जास्त, आणि मध्यें फक्त ती गायमुख खिंड. तलवारीच्या आणि तिरांच्या काळांत ह्या फरकाला फारसें मोल नव्हतें. तोफांच्या काळांत त्यांतच सगळें आलें. १८१८ च्या मार्चमध्यें कर्नल प्रॉथर फौज घेऊन आला, तेव्हां लोहगडाच्या चार दरवाजांशीं झगडत बसण्याचें त्याला कारणच पडलें नाहीं. ४ मार्च रोजीं त्यानें विसापूर घेतला. दुसऱ्या दिवशीं लोहगडावरची शिबंदी गड सोडून गेली. नानांनीं एवढा खर्चून सजविलेला, वळणावळणाची वाट असलेला गड शेजारच्या डोंगरामुळें एका दिवसांत गेला. इतिहासाच्या पुस्तकांत ही गोष्ट दोन ओळींत संपते आणि वाचणाऱ्याला त्या शिबंदीचा थोडा रागही येतो. येथें उभें राहून दोन माथ्यांची उंची डोळ्यांनीं मापली कीं तो राग राहत नाहीं.

डावी बाजू मीं शेवटीं ठेविली. बहुतेकांचें लक्ष आधीं तिच्याकडेच जातें. खालीं पवनेचें विस्तीर्ण पाणी, पलीकडे त्रिकोणी माथ्याचा तिकोना, सुळक्यासारखा तुंग, आणि पाण्यांत शिरलेल्या डोंगरांच्या जिभा. संध्याकाळीं त्या पाण्यावर सोनेरी पट्टा पडतो. अशा वेळीं तेथें उभा असलेला प्रत्येक जण कांहीं क्षण बोलायचा थांबतो, हें मीं अनेकदां पाहिलें आहे.

परंतु हें तळें निसर्गाचें नव्हे. नानांनीं, आंग्र्यांनीं, महाराजांनीं येथून पाहिलें तेव्हां खालीं नदी होती आणि तिच्या दोन्ही तीरांवर पवन मावळांतलीं गांवें होतीं. पवना धरण १९७२ मध्यें पुरें झालें आणि खोरें पाण्याखालीं गेलें. उन्हाळ्यांत पाणी ओसरलें कीं वाघेश्वराचें जुनें दगडी देऊळ उघडें पडतें. लोक त्याचें दर्शन घेतात. पाऊस सुरू झाला कीं तें पुन्हां बुडतें. देवळाचें निदान दर्शन तरी होतें. शेतांचें तेंही नाहीं. ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांपैकीं अनेकांना बदली जमिनीसाठीं कित्येक दशकें हेलपाटे घालावे लागले. ह्याच पाण्यावर पिंपरी-चिंचवडचीं घरें आणि कारखाने चालतात. पुढें तें नदीच्या पात्रांतून न सोडतां बंद नळानें न्यावें अशी योजना निघाली, तिला मावळांतल्या शेतकऱ्यांनीं विरोध केला, आणि ९ ऑगस्ट २०११ रोजीं द्रुतगति मार्गावरच्या आंदोलनांत पोलिसांच्या गोळीबारांत तिघांचा जीव गेला. योजना मग बरींच वर्षें स्थगित राहिली. उजव्या बाजूचा रस्ता आणि डाव्या बाजूचें पाणी ह्यांची गांठ त्या दिवशीं अशी पडली.

हें सांगितल्यानें कोणाच्या आनंदावर विरजण पडावें अशी माझी इच्छा नाहीं. पाणी सुंदरच आहे, आणि शहरांना तें लागतेंही. पण जें आपण नळाची चावी फिरवून घेतों तें कोणाच्या खाचरावर साठलें आहे, हें पाहण्याची सोय फार थोड्या ठिकाणीं असते. आणखी एक गंमत आहे. लोहगड-विसापूरच्या रांगेच्या दक्षिण उतारावरचें पाणी पवनेला मिळतें, उत्तर उतारावरचें इंद्रायणीला. पवना चिंचवडवरून दापोडीस मुळेंत जाते, मुळा पुण्यास मुठेला भेटते आणि मुळा-मुठा भीमेंत पडते. इंद्रायणी देहू-आळंदी करून तुळापुरास भीमेलाच मिळते. एकाच डोंगराच्या दोन उतारांवर पडलेले दोन थेंब, धरणांतून आणि नळांतून सुटले तर, पंढरपुराच्या आधीं एक होतात.

११ जुलै २०२५ रोजीं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाच्या यादींत स्थान मिळालें. अकरा महाराष्ट्रांतले, एक तमिळनाडूंतील जिंजी. आणि अकरांत लोहगड आहे. यादींतलें त्याचें नांव ध्यानांत घेण्यासारखें आहे. नुसते किल्ले असें न म्हणतां मराठ्यांचीं लष्करी भूदृश्यें असें म्हटलें आहे. म्हणजे तट आणि दरवाजे एवढाच वारसा नव्हे. खिंड, सोंड, खोरें, समोरचे डोंगर हींही त्यांत आलीं. हें मला फार योग्य वाटतें, पण त्यापुढें एक अवघड प्रश्न उभा राहतो. तळ्याकाठीं आज तंबूंच्या ओळी आहेत, उतारांवर बंगले चढत आहेत. देखावा राखावा तर हें थांबविलें पाहिजे. पण ज्या घरांचीं शेतें पाण्याखालीं गेलीं त्यांतलींच कित्येक मुलें पाहुण्यांना भाकरी करून घालून पोट भरतात; त्यांना ‘आमचा देखावा बिघडवूं नका’ असें शहरांतून जाऊन सांगण्याचें तोंड आपल्याला कुठें आहे? बंगल्यांचे मालक आणि तंबूंचे राखणदार ह्यांना एका मापानें मोजूं नये, एवढें तरी त्या यादीचे नियम अंमलांत आणणाऱ्यांनीं पाहावें.

सोंडेवरही गर्दी वाढली आहे. पावसाळ्यांतल्या रविवारीं गडाच्या पायऱ्यांवर पाऊल ठेवण्यास जागा नसते. कडेला लोखंडी कठडे लावावेत असें कोणी म्हणतात. माझ्या मतें कठड्याशीं रेलून छायाचित्रें काढणाऱ्यांची गर्दीच त्यानें वाढेल. त्यापेक्षां एका वेळीं सोंडेवर थोडेच लोक सोडावेत. धुकें उतरलें असतां कोणींच जाऊं नये. पांच पावलांवरची कडा दिसत नाहीं अशी वेळ तेथें वारंवार येते.

जाण्यास उत्तम काळ दसऱ्याच्या मागचे-पुढचे पंधरा दिवस. गवत अजून हिरवें असतें, खडक सुकलेला असतो, आणि दोन्ही खोऱ्यें धुऊन ठेवल्यासारखीं दिसतात. आठवड्यांतला कामाचा वार निवडावा. पाणी बरोबर न्यावें. सोंडेच्या टोंकाशीं निदान अर्धा तास तरी बसावें, आणि मुलांना प्रश्न विचारूं द्यावेत. परततांना तो खडकाचा टप्पा उजेडींच चढून यावा. तेथून भाज्यापर्यंत उतरण्यास दीड-दोन तास धरले म्हणजे मळवलीस पुण्याची लोकल सांपडते.